नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी महोत्सवाला जाताय? मग हे वाचून जा

थंडी पडली की कुणी ना कुणी विचारतंच, नांदूर मध्यमेश्वरला कधी जायचं, काय न्यायचं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. हे पक्षी अभयारण्य नाशिकपासून साधारण ४० किमी, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवाच्या संगमावर. महाराष्ट्रातली पहिली रामसर साईट (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) हीच, २०२० मध्ये जाहीर झाली.

वन विभागाच्या पक्षी महोत्सवाची तारीख कन्फर्म करूनच निघा. आणि महोत्सव असला तरी कार्यक्रम नंतर बघा, आधी उजाडायच्या आत चापडगावच्या बाजूला पोचा. मी पहिल्यांदा दहाला पोचलो होतो, तोवर ऊन डोक्यावर, पक्षी बघायच्या मनोऱ्यावर गर्दी आणि पक्षी पार लांब गेलेले, फार हळहळ वाटली. निफाडची थंडी साधी नसते, पारा कधीकधी ५ अंशांच्याही खाली जातो, तर कानटोपी, स्वेटर हवंच. कपडे मातकट किंवा हिरवे, भडक लाल-पांढरे नको.

दुर्बीण नसेल तर गेटवर चौकशी करा, आणि गाईड मात्र घ्याच. गावातलीच पोरं आहेत, नुसत्या उडण्यावरून पक्षी ओळखतात, मला जे काही येतं त्यातलं निम्मं त्यांनीच शिकवलंय.

आता बघायचं कसं. इथे बंधारा बांधल्यावर नद्यांचा गाळ साचत गेला आणि पाणी उथळ झालं, म्हणून तर बदकांना हे इतकं आवडतं. एकदम सगळं ओळखायला जाऊ नका, आधी चोच आणि शेपूट बघा. चोच फावड्यासारखी रुंद आणि पाणी गाळत गाळत चाललाय तर तो थापट्या, शेपटीला लांब टोक असेल तर तलवार बदक, आणि नारिंगी-बदामी अंगाची जोडी दिसली तर चक्रवाक. डोक्यावर दोन काळे पट्टे असले तर पट्टकदंब हंस, हिमालय ओलांडून आलेला पाहुणा आहे तो, जरा निवांत बघा.

माझा सगळ्यात आवडता पक्षी मात्र वारकरी (इंग्रजीत कूट). काळाकुट्ट, कपाळावर पांढरा टिळा. त्यांचा थवा पाण्यावर पसरलेला असताना वरून दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी आला की बघा, दोन सेकंदात सगळे एकमेकांना चिकटतात, पाण्यावर काळी चटईच तयार होते, आणि कुणी मागे राहिला असेल तर तो पाय आपटत पाण्यावरून पळत येऊन घुसतो. त्या पायांचा चपचप आवाज मनोऱ्यापर्यंत येतो, पण तुम्ही गप्प असाल तरच. म्हणून मोबाईल सायलेंटवर ठेवा, स्पीकर अजिबात नको, ड्रोन तर नाहीच नाही.

आणि फोटोसाठी थवा उडवू नका हो, कळकळीने सांगतो. हजारो किलोमीटर उडून आलेत, इथे खाऊन अंगावर चरबी चढवायची आणि परतीला निघायचं, आपण उठवलं की ती ताकद फुकट जाते. कुणी दगड मारताना दिसलं तर लगेच वनरक्षकाला सांगा.

छोटी वही ठेवा, पक्षी, वेळ, किती दिसले एवढं लिहिलं तरी पुरे. महोत्सवाची तारीख हुकली तर नाराज नका होऊ, डिसेंबर ते फेब्रुवारीत कुठल्याही आठवड्यात जा, पण शनिवार-रविवार टाळा. कामाच्या दिवशी पहाटे मनोऱ्यावर चार-पाचच माणसं असतात.