बाजारभावांवर प्रबंध लिहिताय? या चुका टाळा

कोल्हापुरात अर्थशास्त्र शिकवण्यात आणि विद्यार्थ्यांचे प्रबंध वाचण्यात माझं बरंच आयुष्य गेलं. गूळ, ऊस, चांदी, भाजीपाला, सुताचे दर अशा विषयांवर इथली मुलं मेहनतीनं काम करतात आणि आता संगणकामुळे त्यांचं गणित क्वचितच चुकतं. चूक त्याआधी होते. ज्या आकड्याला आपण 'भाव' म्हणतो तो कुणी लिहिला, कुठल्या व्यवहारात लिहिला आणि त्यात काय धरलं, काय सोडलं, हे विचारायचं राहून जातं. पुढे दोनशे पानं त्या न विचारलेल्या प्रश्नावर उभी राहतात. म्हणून ज्या चुका मला पुन्हा पुन्हा भेटल्या त्या इथे लिहिते.

पट्टीवरचा दर म्हणजे पूर्ण भाव समजणे

माझी एक विद्यार्थिनी गुळाच्या दरावर काम करत होती. तिच्या आकडेवारीत लहान गुऱ्हाळवाल्यांना मोठ्यांपेक्षा सातत्यानं कमी दर मिळालेला दिसत होता. तिनं निष्कर्ष काढला की लहान उत्पादकाला बाजाराची माहिती नाही. उपाय म्हणून मोबाइलवर रोज दर कळवण्याची शिफारसही लिहून झाली होती.

आम्ही दोघी शाहू मार्केट यार्डात सौद्यांना गेलो. लोकांशी बोललो, पट्ट्या म्हणजे विक्रीच्या हिशेबाचे कागद पाहिले. ज्यांना दर कमी होता त्यांतल्या बहुतेकांनी हंगाम सुरू होण्याआधी त्याच अडत्याकडून उचल घेतली होती. काहिलीची दुरुस्ती, गुळव्याचा आणि मजुरांचा आगाऊ पैसा, घरातलं लग्न अशी उचलीची कारणं होती. पट्टीवर दर, वजन, हमाली, तोलाई सगळं लिहिलेलं असतं. उचलीचं व्याज मात्र बहुधा नसतं. ते दरातून वसूल होतं, किंवा माल दुसऱ्या दुकानात न नेण्याच्या बांधिलकीतून. थोडक्यात, एका कागदावर दोन बाजार नोंदले गेले होते, एक गुळाचा आणि एक कर्जाचा. तिनं दोन्ही मिळून एकच बाजार मानला होता. त्या गुऱ्हाळवाल्याला यार्डातला दर पाठ होता, माहिती त्याच्याकडे भरपूर होती.

केरळच्या किनाऱ्यावरचा अभ्यास अशा प्रबंधांत हमखास उद्धृत होतो. १९९७ ते २००१ या काळात कासरगोड, कण्णूर आणि कोळिकोड भागात मोबाइल पोहोचला आणि तारली मासळीच्या वेगवेगळ्या बाजारांतल्या दरांतली तफावत झपाट्यानं कमी झाली, हे रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ मध्ये दाखवलं. अभ्यास उत्तमच आहे. पण तिथे मासळी काही तासांत खराब होते आणि होडी कुठल्या बंदराला लावायची हे समुद्रातच ठरवता येतं. गूळ शीतगृहात महिनोन्महिने राहतो आणि उचल घेतलेल्या माणसाची होडी आधीच एका बंदराला बांधलेली असते. दुसऱ्या ठिकाणचा निष्कर्ष आणताना तिथला माल आणि तिथलं देणंघेणं कसं आहे हे आधी पाहावं.

आता दुरुस्ती. मुलाखतीच्या प्रश्नावलीत इतकं तरी हवंच: उचल किती आणि कधी घेतली, पट्टीचे पैसे किती दिवसांनी हातात आले, कुठल्या कपाती कुणी सोसल्या, आणि माल दुसरीकडे नेता आला असता का. यावरून निव्वळ दर काढा आणि मग तुलना करा.

बाजार समितीच्या तक्त्यात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. सर्वसाधारण दर म्हणजे त्या दिवशी जास्तीत जास्त माल ज्या दराच्या आसपास विकला गेला तो. ती आवकेनुसार काढलेली सरासरी नाही. 'परिमाण' हा रकाना वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण भाजीत कुठे क्विंटल असतो तर कुठे नग. गुळाचा तीस किलोचा रवा आणि एक किलोची ढेप यांचे दर एकाच ओळीत घालू नका. बाजार बंद असलेल्या दिवसाचा रिकामा रकाना शून्य म्हणून भरू नका. एका प्रबंधात मी हे स्वतः पाहिलं आहे, आणि त्या शून्यांनी सगळी सरासरी खाली ओढली होती. दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्यांचा दर हा शुभारंभाचा मान असतो. काही मोजक्या रव्यांवर चढाओढीनं बोललेला तो दर हंगामाची सुरुवात म्हणून आलेखात घातला की त्यानंतर 'दर कोसळला' असं खोटंच चित्र दिसतं.

एफआरपीची वर्षावर्षांची तुलना

उसाबद्दल लिहिताना ही चूक इतक्या वेळा होते की मला तिचं खरोखर वाईट वाटतं, कारण शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यात हा हिशेब असतो आणि प्रबंधात मात्र नसतो.

२०१७-१८ ची एफआरपी (उसासाठी केंद्र सरकारनं ठरवून दिलेला किमान रास्त दर) टनाला २,५५० रुपये होती, २०१८-१९ ची २,७५०. विद्यार्थी लिहितो, दोनशे रुपयांची वाढ. पण २०१७-१८ चा दर ९.५ टक्के साखर उताऱ्यासाठी, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणासाठी, होता आणि २०१८-१९ चा १० टक्क्यांसाठी. आधीच्या वर्षी मूळ उताऱ्याच्या वर दर ०.१ टक्क्याला टनामागे २६ रुपये ८० पैसे जास्त मिळत होते. म्हणजे १० टक्के उताऱ्याच्या उसाला तेव्हाही २,६८४ रुपये मिळालेच असते. खरी वाढ ६६ रुपयांची. तसंच २०२१-२२ चे २,९०० रुपये १० टक्क्यांसाठी आणि २०२२-२३ चे ३,०५० रुपये १०.२५ टक्क्यांसाठी आहेत. दिसणारी वाढ दीडशेची, समान उताऱ्यावर साडेसत्याहत्तरची. कोल्हापूरचा उतारा मूळ आकड्याच्या बराच वर असतो, त्यामुळे इथल्या अभ्यासकानं तरी दोन्ही वर्षं एकाच उताऱ्यावर आणूनच तुलना करावी.

शिवाय एफआरपीतून तोडणी-वाहतूक वजा होते. कायद्यानं पैसे चौदा दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. हातात किती आले आणि कधी आले, हे दोन्ही रकाने नसतील तर तुम्ही अभ्यासत आहात तो सरकारी आदेश, शेतकऱ्याचं उत्पन्न नव्हे.

इथूनच अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोच्या तुलनात्मक लाभाच्या सिद्धांताबाबत होणारी चूकही समजून घेता येते. 'कोल्हापूरचा गूळ दर्जेदार आणि स्वस्त आहे, म्हणून त्याला तुलनात्मक लाभ आहे' हे वाक्य मी किती प्रबंधांत खोडलं असेल त्याची मोजदाद नाही. रिकार्डोनं १८१७ साली दिलेल्या उदाहरणात पोर्तुगाल दोन्ही वस्तूंत सरस आहे. तिथे कापडाला ९० माणसं लागतात आणि वाइनला ८०, तर इंग्लंडमध्ये कापडाला १०० आणि वाइनला १२०. तरीही पोर्तुगालनं कापड सोडून वाइन करावी, कारण तिथे वाइनसाठी सोडून द्यावं लागणारं कापड कमी आहे. मुद्दा स्वस्ताईचा नाही, काय सोडावं लागतं याचा आहे. आपल्याकडे तोच ऊस गुऱ्हाळात जातो किंवा कारखान्यात. म्हणून गुळाचा खरा खर्च म्हणजे त्या उसाला कारखान्यानं जे दिलं असतं ते. कारखान्याचा दर आणि पैसे मिळण्याचे दिवस न मांडता गुळाच्या लाभाबद्दल काही बोलताच येत नाही. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली, तेव्हाचा गुळाचा उत्पादक वेगळ्या पर्यायांपुढे उभा होता. शंभर वर्षांची तुलना करणाऱ्यांनी हे विसरू नये.

जुन्या-नव्या मालिका तशाच जोडणे

यात फार खोल काही नाही, फक्त काळजी हवी. घाऊक किंमत निर्देशांकाची २००४-०५ पायाची (म्हणजे त्या वर्षाची पातळी १०० धरलेली) मालिका आणि २०११-१२ पायाची मालिका एकाखाली एक चिकटवली की मध्ये कडा तुटतो आणि 'भाव एकदम उतरले' असं दिसतं. दोन्ही मालिका ज्या काळात एकत्र उपलब्ध आहेत त्यावरून जोडगुणक, म्हणजे एकीचे आकडे दुसरीच्या मापात आणणारा गुणक, काढा. शेतकरी कुटुंबाच्या खऱ्या उत्पन्नासाठी ग्रामीण ग्राहक किमतींचा निर्देशांक घ्या, घाऊक नव्हे. ते कुटुंब बाजारातून घाऊक दरानं काही घेत नाही. साखर हंगाम ऑक्टोबर ते सप्टेंबर आणि आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, हे एकाच तक्त्यात मिसळू नका. निर्यातीत २०१२ च्या जागतिक वर्गीकरणात उसाच्या कच्च्या साखरेचा १७०१११ हा संकेतांक फुटून १७०११३ आणि १७०११४ झाले. गूळ याच शीर्षाखाली येतो. एकच नवा संकेतांक उचललात तर निर्यात एका वर्षात घटल्याचा भास होईल.

आवक आणि दर यांतून थेट मागणी काढणे

आवक आडव्या अक्षावर, दर उभ्या अक्षावर, मधून एक रेघ, आणि तिला नाव 'मागणी वक्र'. अर्थशास्त्रज्ञ ई. जे. वर्किंग यांनी १९२७ मध्येच याबद्दल सावध केलं होतं. बाजारात दिसणारा प्रत्येक बिंदू मागणी आणि पुरवठा यांचा छेद असतो. दोन्ही हलत असतील तर त्या बिंदूंतून जाणारी रेघ ना मागणीची, ना पुरवठ्याची. पुढच्याच वर्षी फिलिप राइट यांनी तेलांवरील आयातशुल्काचा अभ्यास करताना वाट दाखवली: फक्त पुरवठा हलवणारं, मागणीला न शिवणारं काहीतरी शोधा आणि त्याच्या आधारे मागणी ओळखा.

आपल्याकडचे विद्यार्थी लगेच पूर निवडतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानं नदीकाठचा ऊस गेला, पुढच्या हंगामाचा पुरवठा घटला, हे खरं. पण त्याच पुरानं पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद पाडला आणि बाहेरच्या खरेदीदाराची गाडी येणं थांबलं. म्हणजे पुराच्या दिवसांत मागणीही हलली. शिवाय पाण्यात उभ्या राहिलेल्या उसाचा गूळ रंगानं आणि कणीनं उतरतो. दर कमी मिळाला तर तो प्रतीमुळे की मागणीमुळे, हे वेगळं करायला हवं. पूर वापरायचा असेल तर पुराचे महिने वगळा, पुढच्या हंगामाची आकडेवारी घ्या, आणि एकाच प्रतीच्या मालापुरतंच बोला.

चांदीकामाच्या हुपरी गावातल्या चांदीच्या दराचा साखरेच्या दराशी संबंध रिग्रेशननं मांडून आर-स्क्वेअर, म्हणजे जुळणीचं माप, ०.९ आला म्हणून आनंद मानू नका. काळाबरोबर सरकत जाणाऱ्या दोन मालिका एकमेकींशी संबंध नसतानाही अशा जुळू शकतात. ग्रँजर आणि न्यूबोल्ड यांनी १९७४ मध्ये हे दाखवून दिलं आहे. आधी मालिका स्थिर आहेत का, म्हणजे एका पातळीभोवती राहतात का, ते तपासा, नसतील तर लागोपाठच्या दरांतल्या फरकांवर काम करा. आणि हुपरीच्या कारागिराबद्दल लिहायचं असेल तर चांदीचा दर बाजूला ठेवून मजुरी आणि कामात होणारी चांदीची घट विचारा, कारण त्याची चूल त्यावर पेटते.

पैशाच्या समीकरणाला कारण समजणे

पैशाचा साठा गुणिले चलनवेग (एक रुपया किती वेळा हातोहात फिरतो ते) बरोबर किंमतपातळी गुणिले व्यवहार, हे फिशरचं समीकरण सगळ्यांना पाठ असतं. ते हिशेबापुरतं नेहमीच खरं असतं, कारण चलनवेग आपण उरलेल्या तीन आकड्यांवरूनच काढतो. त्यातून 'पैसा कमी झाला म्हणून भाव उतरले' असं म्हणायचं तर चलनवेग आणि व्यवहार जागच्या जागी राहिले, हे वेगळं सिद्ध करावं लागतं.

नोटाबंदीवरच्या प्रबंधांत तीन गाठी एकदम बसलेल्या असतात. ८ नोव्हेंबर २०१६ ला चलनातल्या नोटांपैकी मूल्यानं सुमारे ८६ टक्के नोटा रद्द झाल्या. विद्यार्थी लिहितो की पैशाचा साठा ८६ टक्क्यांनी घटला. पण नोटा म्हणजे सगळा पैसा नव्हे. बँकांतल्या ठेवी धरून मोजला जाणारा एम-३ तसा कोसळला नाही, कारण नोटा ठेवी होऊन बँकेत परतल्या. रिझर्व्ह बँकेच्या हिशेबानं ९९ टक्क्यांहून जास्त. घटली ती रोख. दुसरी गाठ चलनवेगाची. पेठेतला व्यवहार त्या आठवड्यांत वहीवर, उधारीवर आणि ओळखीवर चालू राहिला, आणि उधारी त्या समीकरणात कुठे धरायची हे संशोधकानं स्वतः ठरवून लिहायला हवं. तिसरी गाठ ऋतूची. कपिलतीर्थ मंडईत हिवाळ्यात भाजी दरवर्षीच स्वस्त होते, त्यात २०१४ आणि २०१५ च्या दुष्काळानंतर २०१६ चा पाऊस बरा झाला होता. त्या डिसेंबरची तुलना ऑक्टोबरशी न करता आधीच्या पाच-सहा डिसेंबरांशी करा, आणि जिथे व्यवहार आधीपासून बँकेतून होत होता असा एखादा माल शेजारी ठेवा. दोन्ही मालांत झालेल्या बदलांमधला फरक नोटाबंदीच्या खात्यावर मांडता येईल, तोही जपून.

रुपयाच्या किमतीबद्दल लिहिताना मला डॉ. आंबेडकरांचं काम आठवतं. १९२० च्या मार्चमध्ये आपल्या माणगावला त्यांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली, शाहू महाराज तिथे होते. त्यानंतर १९२३ मध्ये आंबेडकरांचा रुपयावरचा प्रबंध लंडनमध्ये पुस्तकरूपानं प्रसिद्ध झाला. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ केन्सनं १९१३ मध्ये सुवर्ण विनिमय पद्धतीची, म्हणजे रुपया परकीय चलनामार्फत सोन्याशी बांधण्याची, बाजू घेतली होती. आंबेडकरांनी प्रश्नच वेगळा मांडला: सोन्याच्या तुलनेत रुपया स्थिर आहे, पण देशातल्या वस्तूंच्या तुलनेत आहे का? सामान्य माणूस रुपयानं धान्य विकत घेतो, सोनं नाही. आज 'रुपया घसरला, म्हणून निर्यात वाढेल' असं एका ओळीत लिहिणाऱ्यानं हाच प्रश्न स्वतःला विचारावा: घसरला तो कशाच्या तुलनेत? शिरोलीच्या फाउंड्रीच्या कच्च्या मालाचा दरही डॉलरबरोबर चढत असेल, तर विनिमय दरातला फायदा किती उरतो हे कारखान्याच्या खर्चाच्या तक्त्याशिवाय कळत नाही.

प्रबंध अर्ध्यावर आल्यावर चूक सापडली तर

घाबरून आकडेवारी फेकू नका. प्रश्न बदलता येतो का ते पाहा. जमवलेले आकडे ज्या प्रश्नाचं खरं उत्तर देतात तो प्रश्न शीर्षकात घ्या, उरलेल्या गोष्टी मर्यादांच्या भागात स्पष्ट लिहा आणि दोन-तीन आठवडे पुन्हा बाजारात घालवा. तोंडी परीक्षेत हे स्वच्छ सांगणाऱ्या विद्यार्थ्याला परीक्षकांनी अडवल्याचं मी पाहिलेलं नाही.

त्या विद्यार्थिनीनं मोबाइलवर दर कळवण्याची शिफारस काढून टाकली. पुढच्या हंगामात ती पुन्हा गुऱ्हाळांवर गेली. या वेळी तिनं दराऐवजी उचलीपासून विचारायला सुरुवात केली, आणि पहिल्याच गुऱ्हाळावर तिला तीन पिढ्यांच्या वह्या उघडून दाखवण्यात आल्या.