पाइनच्या चिकाची चिकट न राहणारी राळ

खोडावरून आपोआप ओघळलेला पाइनचा चीक गाळूनही बोटांना चिकटत होता, याचे कारण त्यात उरलेले टर्पेंटाइन, म्हणजे चिकातले उडून जाणारे तेल. उकळत्या पाण्यावरील भांड्यात चीक वितळवून सुती कापडातून गाळला की साल आणि काड्या निघतात. टर्पेंटाइन मात्र सुमारे १५५ अंश सेल्सिअसला उकळत असल्याने त्या उष्णतेला फार सावकाश उडते. त्याची वाफ सहज पेट घेते, म्हणून मी गाळलेली राळ उघड्यावर, विजेच्या बंदिस्त शेगडीवर, पसरट भांड्यात मंद तापवत ठेवली. अधूनमधून एक थेंब थंड पाण्यात टाकून पाहिला: आधी तो च्युइंगमसारखा ताणला जाई, नखाने दाबताच कडकन तुटू लागला, तेव्हाच भांडे उतरवले. लवचीकपणा हवा असल्यास त्यात थोडे मधमाश्यांचे मेण मिसळावे.