कूलरची पट्टी, बोर्डाचे स्क्रू: बाजारात जाण्याआधीची तयारी

दुकानात जाऊन "कॉम्प्युटरचे स्क्रू द्या" म्हटलं की दुकानदार मूठभर स्क्रू पुडीत बांधून देतो आणि घरी आल्यावर त्यातले निम्मे कशालाच बसत नाहीत. दोष त्याचा नाही. एकाच कॅबिनेटमध्ये तीन-चार मापांचे आटे असतात, त्यामुळे मागताना माप सांगावं लागतं. म्हणून पहिलं काम घरचंच: मशीन बंद करा, वायर काढा, कॅबिनेट उघडा आणि नेमकं काय हरवलंय ते पाहा. मदरबोर्डाखालचा पितळी स्टँडऑफ (बोर्डाला आधार देणारा छोटा खांब), त्यावरचा स्क्रू, डिस्कचा ट्रे, प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरची पट्टी की बोर्डामागची बॅकप्लेट (कूलरचे स्क्रू धरणारी प्लेट)? शाबूत असलेला जोडीचा भाग काढून डबीत ठेवा. हा नमुना खिशात असला की दुकानात अर्धी वादावादी वाचते. जागेचे दोन फोटोही काढा, एक जवळून, एक लांबून.

मग माप. बहुतेक कॅबिनेटमध्ये दोन आटे वारंवार भेटतात: ६-३२ (इंची मापाचा, जाड आटा) आणि एम३ (तीन मिलिमीटर व्यासाचा, बारीक आटा). साडेतीन इंची हार्ड डिस्क, पॉवर सप्लाय आणि कॅबिनेटचं झाकण यांना सहसा ६-३२ लागतो, तर अडीच इंची एसएसडी आणि डीव्हीडी ड्राइव्हला एम३. बोर्डाच्या स्टँडऑफवर दोन्ही सापडतात, तिथे अंदाज नको. ओळखायची सोपी रीत अशी: एका सेंटिमीटरमध्ये एम३ चे वीस आटे बसतात, ६-३२ चे साडेबाराच्या आसपास. किंवा घरचा चालणारा स्क्रू नव्याशेजारी धरून आट्यांत आटे बसवा आणि उजेडाकडे पाहा. मध्ये फट दिसली तर माप वेगळं. एम३ स्क्रू ६-३२ च्या भोकात सैल हलतो. उलटं केलं तर स्क्रू एखादा आटा जाऊन अडकतो, आणि जोर लावला की भोकाचे आटे जातात. थेट बोर्डावर बसणाऱ्या पातळ एम.२ एसएसडीचा इवलासा स्क्रू मात्र बहुधा एम२ असतो. त्याच्याखालचा टेकू बोर्डाच्या कंपनीनुसार बदलतो, म्हणून तो बोर्डाचं मॉडेल सांगूनच घ्यावा.

लांबीकडे बहुतेक जण बघतच नाहीत, आणि खरं नुकसान तिथेच होतं. एसएसडीत जास्त लांब स्क्रू घातला तर तो आतल्या सर्किटपर्यंत पोचू शकतो. लिक्विड कूलरच्या रेडिएटरवर पंखा बसवताना दोन-तीन मिलिमीटर जास्तीचा स्क्रू थेट पाण्याच्या नळीत घुसतो. दहा रुपयांच्या स्क्रूपायी आख्खा कूलर भंगारात. स्टँडऑफची उंची साधारण साडेसहा मिलिमीटर असते. सगळे एकाच उंचीचे हवेत, नाहीतर बोर्ड वाकतो आणि ग्राफिक्स कार्ड स्लॉटमध्ये तिरकं बसतं. बोर्डाला जिथे भोक नाही तिथे राहिलेला जास्तीचा स्टँडऑफ मागून शॉर्ट करू शकतो. तो काढणं हेही यादीत लिहा.

कूलरची पट्टी घ्यायची असेल तर सर्वांत आधी सॉकेट बघा, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा. इंटेलच्या एलजीए ११५०, ११५१ आणि १२०० या सॉकेटभोवतीची भोकं ७५ मिलिमीटरच्या चौकोनात असतात, तर एलजीए १७०० आणि १८५१ ची ७८ च्या. तीन मिलिमीटरचा फरक नुसत्या डोळ्यांना कळत नाही. एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा, म्हणजे केंद्रापासून केंद्रापर्यंतचं अंतर आपोआप मिळतं. १७०० मध्ये प्रोसेसरची उंचीही कमी आहे. त्यामुळे जुनी पट्टी ओढूनताणून बसवली तरी दाब कमी पडतो आणि प्रोसेसर तापतो. एएमडीकडे एएम४ आणि एएम५ या सॉकेटची भोकं जुळतात, पण एएम५ ची बॅकप्लेट सॉकेटच्या चौकटीला घट्ट धरलेली असते, ती काढता येत नाही. स्वतःची बॅकप्लेट लावू पाहणारा कूलर तिथे चालत नाही. एएम४ ची मात्र चार स्क्रू काढले की हातात येते आणि म्हणूनच हरवते. आधीच्या मालकाने मोठा कूलर लावताना मूळ प्लेट फेकलेली असते आणि बोर्ड तसाच विकला जातो. सेकंड-हँड एएम४ बोर्ड घेताना मागच्या बाजूचा फोटो मागाच.

पैसे खर्च करण्याआधी कूलरच्या कंपनीला विचारा. नॉक्टुआसारखी कंपनी जुन्या कूलरसाठी नव्या सॉकेटचं किट खरेदीचा पुरावा दिल्यास मोफत देते. तेव्हा कूलरचं आणि बोर्डाचं बिल शोधून त्यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. डेल, एचपी, लेनोवोचे ऑफिसातले डेस्कटॉप असतील तर बाजारातला सर्वसाधारण ट्रे बहुधा बसत नाही. जुन्या ट्रेवरचा पार्ट नंबर किंवा मशीनमागचा सर्व्हिस टॅग (मशीनचा ओळख क्रमांक) उतरवून घ्या आणि त्यावरूनच शोधा.

प्रत्यक्ष बाजारच हवा असेल तर मुंबईत ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. नवा माल विकणाऱ्यापेक्षा दुरुस्तीवाल्याकडे आधी जावं असं माझं मत. मेलेल्या बोर्डांवरून काढलेल्या बॅकप्लेट आणि क्लिपा त्याच्याकडेच असतात. नमुना काउंटरवर लावून पाहा, तिथेच.

ऑनलाइन घेताना फोटोवर जाऊ नका. पाकिटात काय काय आहे आणि कोणत्या सॉकेटला बसतं ते वाचा. "सर्व सॉकेटसाठी" लिहिलेल्या किटमध्ये तुमचा आकडा वेगळा छापलेला नसेल तर सोडून द्या. विक्रेत्याचं नाव, माल कुठल्या देशाचा आणि परत घेतात की नाही, हे पैसे देण्याआधी बघायचं. परदेशातून मागवलं तर टपाल आणि कस्टमचा खर्च भागाच्या किमतीच्या वर जाऊ शकतो. वापरलेल्या वस्तूंच्या अ‍ॅपवर कुणी "टोकन" म्हणून आगाऊ रक्कम मागितली की तिथेच थांबा. परताव्यासाठी क्यूआर कोड पाठवणाऱ्याला उत्तरही देऊ नका, कारण पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच सायबर हेल्पलाइन १९३०, विक्रेता दाद देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

कूलर निघणारच असेल तर प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावायची थर्मल पेस्ट आणि जुनी पेस्ट पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल त्याच खेपेत आणा. पार्सल उघडताना व्हिडिओ घ्या. प्रत्येक स्क्रू आधी बोटांनीच फिरवा; दोन-तीन आटे सहज गेले तरच पेचकस. कूलरचे स्क्रू कोपऱ्याकोपऱ्याने, आलटून पालटून आवळायचे. मशीन सुरू करून बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगच्या पडद्यावर) तापमान बघत बसा. आकडा भराभर नव्वदीकडे चढू लागला तर बंद करा, पट्टी नीट टेकलेली नाही. हे सगळं परत करायच्या मुदतीतच उरका आणि तोवर पाकीट फेकू नका, माल परत घेताना त्यावरचं लेबल बघतात.