वर्डमधलं ओळींचं अंतर: या चुका टाळा

सोसायटीच्या सभेची नोटीस एका पानात मावत नाही, चेअरमन-सेक्रेटरीच्या सह्या दुसऱ्या पानावर जातात. मग अक्षर ११ वरून ९ वर आणलं जातं आणि ज्येष्ठ सभासदांना ते वाचताच येत नाही. दोष बहुतेक वेळा अंतराचा असतो. वर्ड २०१३ किंवा २०१६ मध्ये कोऱ्या फाइलला ओळींचं अंतर १.०८ आणि परिच्छेदाखाली ८ पॉइंट आधीपासूनच असतात. त्यात दोनदा एंटर मारला, की मधला रिकामा परिच्छेदही आपले ८ पॉइंट घेऊन येतो.

अंतरासाठी एंटर वापरू नका. होम टॅबवर ‘नॉर्मल’ स्टाइलवर राइट क्लिक, मॉडिफाय, फॉरमॅट, पॅराग्राफ. तिथे आफ्टर ६ पॉइंट, लाइन स्पेसिंग सिंगल. जुने जादा एंटर काढायला रिप्लेसच्या खिडकीत ‘फाइंड व्हॉट’मध्ये मोअर, स्पेशल, पॅराग्राफ मार्क असं दोनदा निवडा. ‘रिप्लेस विथ’मध्ये एकदाच. तीन-चार रिकाम्या ओळी सलग असतील तर पुन्हा चालवावं लागतं.

आफ्टर वाढवूनही फरक दिसत नसेल, तर पॅराग्राफच्या खिडकीतली ‘डोन्ट ॲड स्पेस...’ची टिक काढा. बुलेटच्या यादीत ती बहुधा लागलेलीच असते.

मराठीत सगळ्यात महागात पडतं ते लाइन स्पेसिंगमधलं ‘एक्झॅक्टली’. १२ पॉइंटच्या मजकुराला एक्झॅक्टली १२ दिलं तर इंग्रजी निभावतं, पण ‘शर्तींचा’मधला रफार-अनुस्वार आणि ‘वस्तू’चा उकार छाटला जातो. ओळीत बसवलेल्या लोगोची तर नुसती पट्टी उरते. ‘ॲट लीस्ट’ किंवा ‘मल्टिपल’ घ्या. मंगल फॉन्टची ओळ मुळातच उंच असते; मल्टिपल ०.९ करून बघा, पण छापण्याआधी असे जोडाक्षरी शब्द तपासा. एखादीच ओळ फुगलेली दिसत असेल, तर त्यात दुसऱ्या फॉन्टचा शब्द शिरलाय. कधीकधी नुसती स्पेसही पुरते! पूर्ण परिच्छेद निवडून एकच फॉन्ट द्या.

जस्टिफाय केलेल्या मजकुरात ओळीच्या शेवटी शिफ्ट-एंटर असेल, तर दोन शब्दही पानभर ताणले जातात. कंट्रोल-शिफ्ट-८ दाबलं की वाकडा बाण दिसेल. तो पुसून साधा एंटर द्या.

शेवटची फसगत दुकानात. विंडोज १० मध्ये मंगल हा पर्यायी फॉन्ट आहे, निर्मला यूआय मात्र सोबत येतो. घरी नीट दिसणारी फाइल झेरॉक्सवाल्याकडे दुसऱ्याच फॉन्टमध्ये उघडते, ओळींची उंची बदलते आणि सह्या पुन्हा दुसऱ्या पानावर. त्यामुळे वर्डची फाइल नेऊच नका. ‘सेव्ह ॲज’मधून पीडीएफ करून न्या.