फ्रीसर्फरमध्ये हाताने केलेल्या दुरुस्त्या पुसल्या का जातात? या चुका टाळा

मेंदूच्या एमआरआयचं सेगमेंटेशन (म्हणजे वेगवेगळ्या भागांत विभागणी) फ्रीसर्फर या सॉफ्टवेअरवर करणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. तासन्‌तास बसून व्हॉक्सेल (स्कॅनचे त्रिमितीय ठिपके) खोडले, रिकॉन-ऑल ही फ्रीसर्फरची मुख्य कमांड पुन्हा चालवली आणि सगळं जैसे थे. दोष बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचा नसतो. रिकॉन-ऑल हाताची दुरुस्ती जपतं, पण ती योग्य फाइलमध्ये आणि त्याला कळेल अशा आकड्यात नोंदलेली असेल तरच.

सगळ्यात महागात पडणारी चूक आधी सांगतो. पहिल्यांदा चालवताना स्कॅनची फाइल द्यायला ‘-आय’ लिहावं लागतं. दुसऱ्यांदाही तीच कमांड चिकटवली की रिकॉन-ऑल अडतं, कारण त्या नावाचा सब्जेक्ट (एका व्यक्तीच्या स्कॅनचा फोल्डर) आधीच तयार असतो. मग माणूस वैतागून तो फोल्डरच उडवतो, आणि त्याबरोबर सगळी मेहनत जाते. पुन्हा चालवताना ‘-आय’ काढून टाका, फक्त ‘-एस’ आणि सब्जेक्टचं नाव ठेवा. बस्स.

‘क्लीन’ने सुरू होणारे पर्याय नावाने निरुपद्रवी वाटतात. पण ‘-क्लीन-बीएम’ ब्रेनमास्कमधल्या (कवटी काढून उरलेल्या मेंदूच्या चित्रातल्या), ‘-क्लीन-डब्ल्यूएम’ व्हाइट मॅटरमधल्या (मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागातल्या) आणि ‘-क्लीन-सीपी’ कंट्रोल पॉइंटच्या (‘इथे व्हाइट मॅटर आहे’ असं सांगणाऱ्या हाताने लावलेल्या खुणांच्या) दुरुस्त्या धुऊन टाकतो. दुसऱ्याच्या स्क्रिप्टमधून कमांड उचलताना हे शब्द आधी शोधा. गंमत म्हणजे कधीकधी ते लागतातच. कवटी काढण्याचा ‘-डब्ल्यूएसथ्रेश’ हा आकडा मुळात 25 असतो. मेंदूचा तुकडा कापला गेला असेल तर तो वाढवायचा, कवटी शिल्लक राहिली असेल तर कमी करायचा. पण ब्रेनमास्क आधीच तयार असल्यामुळे ‘-क्लीन-बीएम’ दिल्याशिवाय नवा आकडा लागूच पडत नाही. म्हणून क्रम असा: आधी आकड्याने जमतंय का बघा, उरलंसुरलं नंतर हाताने खोडा. उलट केलंत तर खोडलेलं परत खोडावं लागेल.

आता आकड्यांची गोष्ट. हिच्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. ब्रेनमास्क असो की व्हाइट मॅटरची ‘डब्ल्यूएम डॉट एमजीझेड’, हाताने खोडलेल्या व्हॉक्सेलला 1 ही किंमत असावी लागते, 0 नव्हे. व्हाइट मॅटरमध्ये हाताने भरलेला व्हॉक्सेल 255. रिकॉन-ऑल 1 आणि 255 दिसले की ‘इथे माणसाचा हात लागलाय’ असं समजतं. 0 मात्र त्याला कोऱ्या जागेसारखा वाटतो आणि पुढच्या फेरीत ते तिथे पुन्हा हवं ते भरतं. फ्रीव्ह्यूमध्ये (फ्रीसर्फरसोबत येणाऱ्या, चित्रं बघण्या-खोडण्याच्या प्रोग्रॅममध्ये) ‘रिकॉन एडिटिंग’ची खूण लावली की हे आकडे आपोआप पडतात. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये किंवा पायथनमधून खोडणाऱ्यांचा घात नेमका इथे होतो.

फाइल चुकण्याचा प्रकारही नेहमीचा. सबकॉर्टिकल (कॉर्टेक्स या मेंदूच्या बाहेरच्या थराखालच्या भागांची) लेबलं दुरुस्त करायला लोक ‘एसेग डॉट एमजीझेड’ उघडतात. ती शेवटी तयार होणारी फाइल आहे, पुढच्या फेरीत ती नव्याने लिहिली जाते. आवृत्ती 6 पासून दुरुस्ती करायची ती ‘एसेग डॉट प्रीसर्फ डॉट एमजीझेड’मध्ये. नावात ‘ऑटो’ असलेल्या फाइलला हात लावू नका. ती यंत्राची मूळ प्रत, तुलनेसाठी असते.

कंट्रोल पॉइंट ‘टेंप’ फोल्डरमधल्या ‘कंट्रोल डॉट डॅट’मध्ये साठतात. नाव टेंप, म्हणून डिस्कवर जागा करायला कुणीतरी तो फोल्डर साफ करतो! तेव्हा या फाइलची प्रत बाहेर ठेवा.

दुरुस्ती करण्याआधी आजार ओळखा. पांढऱ्या पृष्ठभागातून (व्हाइट मॅटरभोवती आखलेल्या सीमेतून) मेंदूची एखादी वळी गळली असेल तर तिथली तीव्रता बघा. व्हाइट मॅटर 110 च्या आसपास आणलेलं असतं. तिथे आकडा बराच खाली असेल तर कंट्रोल पॉइंट लावा, तेही निःसंशय व्हाइट मॅटर असलेल्या जागी, थोडे आणि विखुरलेले. कडेवर लावलेला पॉइंट ग्रे मॅटरलाही (त्याबाहेरच्या करड्या थरालाही) उजळवतो. आकडा 110 असूनही डब्ल्यूएममध्ये भोक असेल तर ते हाताने भरा. पायल पृष्ठभाग (ग्रे मॅटरची बाहेरची सीमा) ड्यूरात, म्हणजे मेंदूभोवतीच्या आवरणात, घुसला असेल तर ब्रेनमास्क खोडा. मग पुन्हा चालवताना प्रत्येकाची सुरुवात वेगळी: कंट्रोल पॉइंटला ‘-ऑटोरिकॉन2-सीपी’, व्हाइट मॅटरला ‘-ऑटोरिकॉन2-डब्ल्यूएम’, पायलला ‘-ऑटोरिकॉन-पायल’, पहिल्या दोन्हींच्या मागे ‘-ऑटोरिकॉन3’ जोडायचं. दरवेळी ‘-ऑल’ मारण्याची गरज नाही. आणि तुमच्या अभ्यासाशी संबंध नसलेल्या भागातली बारीक खोट सोडून द्या, रुग्ण कोणत्या गटातला हे माहीत नसतानाच काम करा. नाहीतर दुरुस्तीच निकाल झुकवते.

मध्येच बंद पडलं तर ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरमधला ‘रिकॉन-ऑल डॉट लॉग’ शेवटून वर वाचत या. शेवटची ओळ फक्त ‘चुकांसह बाहेर पडलो’ एवढंच सांगते; खरं कारण तिच्या वर असतं: भरलेली डिस्क, अपुरी मेमरी, न सापडलेलं लायसन्स, फाइलच्या पाथमध्ये पडलेली ‘स्पेस’. ‘आधीच चालू आहे’ असा निरोप आला तर त्याच फोल्डरमध्ये ‘इज-रनिंग’ने सुरू होणारी फाइल उरलेली असते. प्रोसेस खरंच बंद आहे ना, हे पाहूनच ती काढा. दोन फेऱ्या एकाच सब्जेक्टवर चालल्या तर दोन्हींचे निकाल बिघडतात.

अभ्यासाच्या मध्यावर आवृत्ती बदलू नका. 5.3, 6 आणि 7 कॉर्टेक्सची जाडी एकसारखी मोजत नाहीत, त्यामुळे निम्मे सब्जेक्ट एकीवर आणि निम्मे दुसरीवर चालवले की दिसलेला फरक मेंदूंमधला की आवृत्त्यांमधला, हे सांगता येत नाही.