भुंगेरे पाळायचेत? मग आधी माती सांभाळायला शिका

शिंगवाला भुंगेरा तळहातावर बसलाय असा फोटो बघितला की कुणालाही वाटतं आपल्याकडेही एक असावा. मलाही तसंच वाटलेलं. (भुंगा म्हटलं की बऱ्याच जणांना तो गूं गूं करत लाकूड पोखरणारा काळा भुंगा आठवतो, तो मधमाशीच्या नात्यातला, तो नाही. मी बोलतेय ते टणक पाठीच्या बीटलबद्दल.) तर गंमत अशी की तो शिंगवाला भुंगेरा मोठा झाल्यावर बऱ्याचदा दोन-तीन महिनेच जगतो, आणि त्याआधी आठ-दहा महिने तो एका डब्यात मातीखाली पांढरीफटक जाडजूड अळी बनून पडलेला असतो, तुम्हाला दिसतसुद्धा नाही. म्हणजे तुम्ही वर्षातला बहुतेक काळ मातीचा डबा सांभाळत असता. हे आधीच माहिती असलेलं बरं, नाहीतर दुसऱ्या महिन्यात कंटाळा येतो आणि मग लोक उकरून बघायला लागतात. उकरण्याबद्दल पुढे सांगते, माझाही एक पराक्रम आहे त्यात.

पहिल्यांदा कुठला घ्यायचा? माझं मत विचाराल तर पॅकनोडा मार्जिनाटा, म्हणजे आफ्रिकेतला पिवळा-चॉकलेटी सन बीटल. चार-सहा महिन्यांत अंड्यापासून भुंगेरा होतो, घोळक्यात राहतो, दिवसा उडतो, फळं खातो, म्हणजे निदान काहीतरी घडताना दिसतं. त्याची अळी पाय असूनही चालते मात्र पाठीवर उताणी होऊन, पहिल्यांदा बघाल तर वाटेल आजारीच पडली, पण फुलांवरच्या भुंगेऱ्यांच्या अळ्या अशाच चालतात. शिंगवालाच हवा असेल तर जपानमध्ये कबुतोमुशी म्हणतात तो, ट्रायपॉक्सिलस डायकोटोमस, नवख्याला झेपतो. लांब जगणारा हवा तर डॉर्कस जातीचे स्टॅग बीटल (हरणाच्या शिंगांसारखे मोठे जबडे असलेले), ते मोठे झाल्यावरही दोन-तीन वर्षं काढतात. हर्क्युलिस बीटल (तोही शिंगवालाच, पण भलामोठा) मात्र पहिल्या खेपेला नको. अळीच दीड-दोन वर्षं सांभाळावी लागते, मोठमोठे डबे लागतात, आणि दीड वर्षाने अळी मेली तर जो काही जीव हळहळतो ना, नकोच ते.

रानातून उचलून आणण्यापेक्षा ज्याच्याकडे पैदास होते त्याच्याकडून अळ्या घ्या, आणि ती जात तुमच्या इथे पाळायला कायद्याने चालते ना ते घ्यायच्या आधी बघा. काही भुंगेरे संरक्षित असतात, काही पिकाची कीड म्हणून बंदी असलेले असतात. आणि रानात दिसेल तो भुंगेरा हातात घ्यायची सवय तर सोडूनच द्या, ब्लिस्टर बीटल नावाचे जे मऊसर लांबट भुंगेरे असतात त्यांच्या अंगातल्या रसाने कातडीवर फोड येतात.

आता माती. छंदवाले फ्लेक सॉइल म्हणतात ती माती नसतेच मुळी, तो आंबवलेला लाकडाचा भुसा असतो. घरी करता येतो पण घाई चालत नाही. भुसा रुंद पानांच्या झाडाच्या लाकडाचा घ्या, पाइन-देवदारसारख्या सूचिपर्णी झाडांचा नको, त्यातली राळ अळ्यांना बाधते, आणि प्लायवूडचा तर अजिबात नको, त्यात गोंद असतो. दहा भांडी भुशाला एक भांडं गव्हाचं पीठ किंवा कोंडा, नीट कालवायचं, मग थोडं थोडं पाणी. पाणी किती, तर मुठीत दाबल्यावर मुटका वळला पाहिजे पण बोटांच्या फटीतून थेंब पडता कामा नये. हीच मुटक्याची परीक्षा पुढे प्रत्येक वेळी लागणार आहे, हाताला सवय करून घ्या. मग मोठ्या टबात भरून झाकण सैल ठेवायचं. दोन-तीन दिवसांत आत हात घातला तर चांगलं गरम लागतं, ढीग मोठा असेल तर ५० अंशांच्या आसपास जातं. एक-दोन दिवसाआड खालचं वर करत राहायचं. आधी आंबट वास येतो, मधे एक आठवडा असा येतो की घरातले विचारतात काय मेलंय, आणि शेवटी शेवटी जंगलातल्या ओल्या पाचोळ्यासारखा छान वास येतो, भुसा काळपट तपकिरी होतो, आणि ढवळलं तरी परत गरम होत नाही. याला महिना-दीड महिना तरी लागतो, थंडीत जास्तच. झाल्यावर दोन दिवस पसरून वाफ जाऊ द्या.

तयार झालंय की नाही हे विचारायचं अळीलाच. माती डब्यात भरून एक अळी वर ठेवा. पाच-दहा मिनिटांत डोकं खुपसून खाली गेली तर ठीक. नाही गेली, किंवा गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत वर येऊन बसली, तर माती अजून कच्ची आहे, आत गॅस आहे किंवा गरम आहे किंवा फारच ओली आहे. अळी वर आली याचा अर्थ तिला तुम्हाला भेटायचंय असा नसतो. लगेच बाहेर काढून जुन्या मातीत ठेवा.

डबा कुठलाही चालतो, झाकणाला चार-पाच बारीक भोकं पाडली की झालं. जास्त भोकं पाडली तर माती वाळते, आणि वाळलेली माती हे अळी मरायचं मोठं कारण आहे. कबुतोमुशीला तिसऱ्या अवस्थेत अळीमागे दीड लिटर तरी माती द्या. अळीच्या वाढीच्या तीन अवस्था असतात, मधे ती दोनदा कात टाकते, आणि तिसरी अवस्था सगळ्यात लांब, तेव्हाच ती खरी वजन घेते, चांगली पोसलेली नर अळी ३० ग्रॅमच्या आसपास जाते. इथे एक गोष्ट लोकांच्या डोक्यात बसत नाही, भुंगेरा कोषातून बाहेर आल्यावर वाढत नाही. लहान निघाला तर लहानच राहणार, कितीही चारा. शिंग केवढं होणार ते अळी असतानाच ठरतं, ते पण मातीवर आणि तिच्या जातकुळीवर, म्हणून मी सारखं माती माती करतेय.

माती कधी बदलायची? वर लेंड्या दिसायला लागल्या आणि डब्यातला अर्ध्याहून जास्त भाग लेंड्यांचा झाला की. महिना-दोन महिन्यांतून एकदा होतं असं. बदलताना सगळी नवी घालू नका, चौथा हिस्सा जुनी मिसळा, एकदम नवीन मातीत अळीला झटका बसतो. घर २० ते २५ अंशांत असेल तर उत्तम, ३० च्या वर फार दिवस राहिलं की त्रास सुरू, डबा घरातल्या थंड कोपऱ्यात जमिनीवर ठेवा, उन्हात कधीच नाही.

आता कोष. अळी पिवळसर व्हायला लागली, सुरकुतली, खायची थांबली की समजायचं वेळ आली. ती मातीत स्वतःच्या अंगाने दाबून एक गुळगुळीत खोली करते, कबुतोमुशीची खोली उभी असते, स्टॅगची आडवी. म्हणून कबुतोमुशीच्या डब्यात माती निदान १५ सेंटिमीटर खोल पाहिजे, खाली दाबून भरलेली, नाहीतर खोली वाकडी होते आणि भुंगेरा वाकड्या शिंगाचा निघतो. या काळात डबा हलवायचा नाही, उकरायचं नाही, दाखवायला कुणाकडे न्यायचं नाही. मी नेमकं तेच केलं होतं. तीन आठवडे काही हालचाल नाही म्हणून चमचा घेऊन जरासं बघू म्हटलं, खोलीचं छत आत पडलं आणि मागे राहिला पंख न मिटलेला भुंगेरा, आठवड्याभरात गेला. चुकून तुमच्याकडूनही खोली फुटली तर घाबरू नका, फुलवाले वापरतात तो हिरवा स्पंज घ्या, पाण्यात भिजवून, जादा पाणी निथळून, चमच्याने त्यात कोषाच्या मापाचा गुळगुळीत खड्डा करा, आणि कबुतोमुशीचा कोष त्यात डोकं वर करून (स्टॅगचा असेल तर आडवा) हलकेच ठेवा. बऱ्याचदा वाचतो. पण अळी अजून सुरकुतून मऊ पडलेली असेल, कोष झाला नसेल, तर शक्यतो हात लावू नका, ती तेव्हा सगळ्यात नाजूक असते.

कोष तीन-चार आठवडे. बाहेर आलेल्या भुंगेऱ्याचे पंख आधी पांढरे असतात, मग तासातासाने रंग चढतो. तरीही तो आणखी आठवडा-दोन आठवडे खोलीतच बसून राहतो, अंग कडक होईपर्यंत. स्टॅग तर महिनोन्‌महिने बसतात. त्याचं तो वर येईल, तेव्हाच खायला द्या.

खायला बीटल जेली (भुंगेऱ्यांसाठीच बनवलेली गोड जेली) मिळते ती सगळ्यात सोयीची, नाहीतर पिकलं केळं किंवा सफरचंदाची फोड. कलिंगड, काकडी असलं पाणचट देऊ नका, पातळ शी करतात आणि अंगाला काही लागत नाही, वर डबा ओला होऊन बुरशी. दोन नर एका डब्यात ठेवू नका, मारामारी बघायला मजा येते पण पाय तुटतात आणि भुंगेऱ्याचा तुटलेला पाय परत येत नाही. डब्यात सालीचे तुकडे, काटक्या टाका, कारण भुंगेरा उताणा पडला आणि पकडायला काही नसेल तर रात्रभर पाय झाडून झाडून दमून मरतो. उचलताना ओढू नका, त्याच्या नख्या लाकडात अडकलेल्या असतात, मागून बोट लावा, तो आपणहून पुढे सरकतो.

पैदास करायची असेल तर नर-मादी काही दिवस एकत्र, मग मादीला वेगळा डबा, खाली पाच-सात सेंटिमीटर माती चांगली ठोकून आणि वर सैल. अंडी बारीक पांढरी, दोन-तीन मिलीमीटरची, दोनेक आठवड्यांत फुटतात. एक मादी ५० च्या आसपास सहज घालते, म्हणजे ५० डबे, हा हिशोब आधी करा. डॉर्कसला मात्र कुजलेलं लाकूड लागतं, ओंडका रात्रभर भिजवून अर्धा मातीत पुरायचा.

चिलटं होणारच. झाकण आणि डब्याच्या मधे पातळ न विणलेलं कापड किंवा कागद घाला, बरीच कमी होतात. अंगावर बारीक माइट्स (गोचिडीच्या नात्यातले चिमुकले जीव) दिसले तर मऊ टूथब्रशने कोमट पाण्यात झटकून काढा. पण सगळ्यात मोठा शत्रू आपणच आणतो, डास मारायची कॉइल, लिक्विड, स्प्रे. ते औषध डास आणि भुंगेरा यात फरक करत नाही. ज्या खोलीत डबे आहेत तिथे हे काहीच नको, आणि फळं धुऊन सोलून द्या.

भुंगेऱ्यांत धीर निघत नसेल तर काडीकिडे, म्हणजे काटकीसारखे दिसणारे किडे, घ्या. कॅरॉसियस मोरोसस हा मूळ तमिळनाडूतल्या डोंगरांतला, पण आता जगभर शाळांत आणि प्रयोगशाळांत असतो, आणि त्यात जवळजवळ सगळ्या माद्याच, नराशिवाय अंडी घालतात. आयव्ही (एक वेल), ब्रॅम्बल (काटेरी रानबेरीचं झुडूप) यांची पानं खातो. पानं फवारणीची नसली पाहिजेत, फांदी पाण्याच्या बाटलीत ठेवा आणि बाटलीचं तोंड कापसाने बंद करा, नाहीतर पिल्लं बुडून मरतात. पिंजरा किड्याच्या लांबीच्या तिप्पट उंच पाहिजे, कारण तो उलटा लटकून कात टाकतो आणि जागा कमी पडली तर वाकडा होतो. गंमत म्हणजे याचा पाय तुटला तर पुढच्या कातींबरोबर परत येतो. प्रार्थनाकीटकालाही लटकायला वर जाळी हवी, आणि एका डब्यात एकच, नाहीतर शेवटी एकच उरतो. तो खायचा बंद झाला की कात जवळ आली, खायला म्हणून आत सोडलेले रातकिडे लगेच काढून घ्या, नाहीतर तेच त्याला कुरतडतात.

काडीकिड्यांची अंडी शेकड्याने होतात, नको असलेली फ्रीजरमध्ये दोन-तीन दिवस गोठवून मगच फेका. भुंगेरेही कंटाळा आला म्हणून बागेत सोडायचे नाहीत, दुसऱ्या छंदवाल्याला द्या. जपानने १९९९ मध्ये परदेशी भुंगेऱ्यांची आयात मोकळी केली आणि मग निसटलेले, सोडून दिलेले बाहेरचे स्टॅग तिथल्या स्टॅगबरोबर संकर करतील ही डोकेदुखी सुरू झाली.

आणि एक, डब्यातून रात्री खरखर ऐकू यायला लागली की समजा तो वर आलाय. त्याच रात्री झाकणावर एखादी वीट किंवा जाड पुस्तक ठेवा. माझा पहिला नर झाकण उचकटून गेला आणि तीन दिवसांनी पडद्याच्या वरच्या दांडीवर सापडला.