एमजीबी इंजिनचा पीसीव्ही व्हॉल्व्ह साफ करताना

1964 ते 1968च्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये क्रँककेसमधल्या (इंजिनच्या खालच्या पोकळीतल्या) वाफा टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या बाजूच्या झाकणाच्या) होजमधून इनलेट मॅनिफोल्डवरच्या (सिलिंडरना हवा-पेट्रोल पोचवणाऱ्या नळीवरच्या) स्मिथ्स व्हॉल्व्हकडे, म्हणजेच पीसीव्ही व्हॉल्व्हकडे जातात. ताजी हवा ऑइल फिलर कॅपमधून आत येते, म्हणून व्हेंट (हवेची वाट) असलेलीच कॅप लावा. साधी बंद कॅप लावली तर सगळी यंत्रणा निकामी होते.

आधी चाचणी. इंजिन गरम करून आयडलिंगवर ठेवा आणि कॅप काढा. व्हॉल्व्ह ठीक असेल तर वेग साधारण 200 आरपीएमने वाढतो, कानाला कळतो. काहीच फरक पडला नाही तर व्हॉल्व्ह उघडा.

इंजिन बंद करून वरची स्प्रिंग क्लिप सोडवा. कव्हर, डायफ्रॅम (रबरी पडदा), मीटरिंग व्हॉल्व्ह (वाफांचं प्रमाण ठरवणारा भाग) आणि स्प्रिंग याच क्रमाने निघतात. स्प्रिंग उडू देऊ नका. धातूचे भाग सॉल्व्हंटने धुवा, चिकट काजळी सुटत नसेल तर पाण्यात उकळा. पॉलिश पेपर मुळीच नको. रबरी डायफ्रॅमला पेट्रोल लावू नका, मेथिलेटेड स्पिरिट पुरे. मग तो उजेडासमोर ताणून पाहा: कडेला केसाएवढी चीर असली तरी बदला, कारण त्यातून हवा ओढली जाऊन हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं आणि आयडलिंग डळमळतं.

फिलर कॅप दर 12,000 मैलांनी नवी.